मतांचं सोवळं

आमच्या मॅजिस्ट्रेट कोर्टातले आम्ही सगळे न्यायाधीश म्हणजे बिनपगारी फुल अधिकारी. कायद्याची पदवी कुणाकडेच नाही. कुणी निवृत्त शिक्षक, कुणी दुकानदार, आणि मी लंडनच्या टोकाच्या पिनरहून बसने येणारी, फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट. तिघांनी मिळून बेंचवर बसायचं, विनाइन्शुरन्स गाडी चालवणाऱ्यांच्या त्याच त्या सबबी ऐकायच्या आणि संध्याकाळी डोकं धरून घरी यायचं. या सगळ्या मॅजिस्ट्रेटांचा एक चेअरमन असतो. तो आम्हीच गुप्त मतदानाने निवडतो. दोन हजार सालानंतरची गोष्ट, केस बरेच पांढरे झाले होते, तेव्हा मी त्या पदासाठी उभी राहिले.

मला ते पद हवं होतं. उगाच लाजायचं कशाला? कितीतरी वर्षं पडेल ते काम केलं होतं. कुणी आजारी पडलं की ऐनवेळी फोन मलाच यायचा. या लोकांनी एकदा तरी मला आपलं माणूस म्हणून पुढे करावं, एवढीच इच्छा होती.

पण आमच्याकडे प्रचार करायचा नाही, असा संकेत. नाव द्यायचं आणि गप्प बसायचं. म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवायचं. गावाकडच्या निवडणुकीत मटणाच्या पंगती उठताना मी पाहिल्या होत्या, त्यामुळे मला हा संकेत फारच आवडला. मी तो जरा जास्तच मनावर घेतला.

मतदान दिवाळीच्या सुमारास होतं. दरवर्षी मी आमच्या चहाच्या खोलीत चकल्या-करंज्यांचा डबा ठेवायचे. त्या वर्षी तळणच काढलं नाही. कुणाला लाच वाटली तर? मग दुपारी सगळ्यांबरोबर जेवणंही बंद केलं. कुणाच्या नातवाची चौकशी केली तर तीही मतासाठीच वाटेल, म्हणून तेही नाही. काम संपलं की कोट चढवायचा आणि थेट बस स्टॉप गाठायचा. शिवायचं नाही, बोलायचं नाही, असं कडक सोवळं.

माझी मुलगी इथेच जन्मलेली. ती वैतागली. "आई, धिस इज रिडिक्युलस. चकली कोणाला ब्राइब वाटते? तू सगळ्यांना इग्नोर करतेस, ते रूड दिसतं."

"तुला नाही कळायचं," मी म्हटलं. "आपल्यासारख्या परक्यांकडे आधी संशयानेच बघतात. बोट ठेवायला जागाच द्यायची नाही."

मतदानाच्या दिवशी माझे प्रतिस्पर्धी, एक निवृत्त हेडमास्तर, बायकोने केलेला लेमन केक घेऊन आले. ते नेहमीच आणायचे. कुणाच्या मनातही काही आलं नाही. सगळ्यांनी खाल्ला. मीही खाल्ला, आणि छान झाला होता.

ते निवडून आले.

पुढच्याच आठवड्यात माझ्याबरोबर बरीच वर्षं बेंचवर बसलेली एक इंग्रज मैत्रीण मला कार पार्कमध्ये थांबवून म्हणाली, "मी तुला मत दिलं नाही. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगते. गेला महिनाभर तू आमच्याशी धड बोलली नाहीस. आत्ताच ही तऱ्हा, तर चेअरमन झाल्यावर काय, असं वाटलं. बऱ्याच जणांना वाटलं."

मी तिला कारण सांगितलं, डब्यासकट. तिने विचारलं,

"पण तुझ्यावर असा संशय घेणार होतं तरी कोण?"

मला रडूही आलं आणि रागही आला. तिचा नव्हे. तिने इतकं मनापासून विचारलं होतं, की एकही नाव माझ्या ओठांवर येईना.

पुढच्या वर्षी तिनेच विचारलं, उभी राहतेस का. मी नको म्हटलं. माझ्यावर संशय घेणारी त्या कोर्टात मी एकटीच होते, आणि त्या एकटीला हरवायची ताकद आता माझ्यात उरली नव्हती.