आईची वहाण आणि माझे सहा सेंटिमीटर

एक अत्यंत गंभीर निवेदन. सर्व वाचकांनी शक्य असेल तर उभं राहून, नसेल तर निदान ताठ बसून ते स्वीकारावं. उलव्यातला एक सत्तेचाळीस वर्षांचा गृहस्थ गेल्या वर्षी सहा सेंटिमीटर वाढला, नंतर सहा सेंटिमीटर घटला, आणि एका रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये, भरल्या सभेत, पुन्हा सहा सेंटिमीटर वाढला.

तो गृहस्थ मी. बसा आता.

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. अमावास्येला मी मुद्दाम दाढी करतो. लिंबू-मिरची दिसली की त्यातलं लिंबू सरबताला चालेल का, हा विचार पहिला येतो. त्यामुळे पुढचं वाचून कोणी मला उपाय सुचवू नयेत... शरम वाटली तर ती मात्र माझ्याबरोबर वाटून घ्यावी, माझ्याकडे भरपूर आहे.

माझी उंची होती एकशे अठ्ठावन्न सेंटिमीटर. ही वडिलोपार्जित. वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते आणि तिथे त्यांच्या बुटकेपणाला मोठी मागणी होती. पाठीवर पोतं चढवताना दोन माणसांना ते कमी उचलावं लागायचं ना! गाडी लागली की हाक यायची, ‘आधी सर्जेरावला बोलवा.’ आई हे आजही अशा थाटात सांगते, की वाटावं वडील सैन्यात होते.

मला मात्र त्या उंचीची लाज वाटायची. मी सोसायटीचा कायमचा सूत्रसंचालक. गणपती, हळदीकुंकू, निरोप समारंभ, काहीही असो, माइक माझा. पण मी स्टेजवर चढलो की कोणीतरी धावत येऊन स्टँड खाली करायचं, आणि तो खाली येताना ‘कुंईं’ असा आवाज करायचा. त्या ‘कुंईं’ला लोक हसायचे. मीही हसायचो, वर एक विनोद करायचो. आणि घरी येऊन जेवायचो नाही.

तर मी पाय लांब करून घेतले. हो, असं करता येतं. दोन्ही मांड्यांचं हाड कापतात, आत सळई घालतात आणि मग एक यंत्र मांडीवर धरून रोज एक मिलिमीटर हाड लांबवतात. दोन महिने मी असा रोज वाढत होतो, दुधीभोपळ्यासारखा. ऑपरेशन दुसऱ्या राज्यात केलं. खरं फक्त बायकोला, शैलाला, माहीत होतं. बाकी सगळ्यांना सांगितलं, ऑफिसच्या कामाला गेलो होतो, रिक्षा उलटली, दोन्ही मांड्या मोडल्या.

सगळ्यांना म्हणजे आईलाही. फोनवर.

साताऱ्याकडे गावी होती ती. फोन ठेवला आणि तशीच भैरोबाच्या देवळात गेली. ‘माझ्या पोराला व्हता तसा उभा कर, तवर पायात वहाण घालायची न्हाई.’ वहाण देवळाच्या पायरीवर सोडली आणि दुसऱ्या दिवशी अनवाणी एसटीत बसून आमच्याकडे आली. वय बहात्तर.

ती दारात उभी राहिली, धुळीनं पांढरे झालेले पाय घेऊन, आणि मी पलंगावर. तोंड उघडलं होतं मी. खरंच उघडलं होतं. पण ती म्हणाली, “दिन्या, बोलू नगंस, दुखंल तुला.” आणि मी ते मिटलं.

पुढचे दहा महिने मिटलेलंच ठेवलं.

उलवे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. निम्मं गाव बांधून झालंय आणि निम्मं रस्त्यावर पडलंय. खडी, सळयांचे तुकडे, डंपरनं उखडलेलं डांबर. आई रोज भाजीला त्यातून जायची. मी सातव्या मजल्यावर वॉकर धरून बाल्कनीत. एप्रिलमध्ये ती सावलीतून सावलीत उड्या मारत जायची, बहात्तराव्या वर्षी, लंगडी खेळल्यासारखी. कोपऱ्यावरची भाजीवाली तिच्यासाठी ओलं गोणपाट अंथरून ठेवायची. आई त्याच्यावर दोन मिनिटं उभी राहायची, पाय निवले की पुढे. मी वरून बघायचो. हातात चहा असायचा, तो प्यायचोही.

मांडीवरच्या यंत्राला ती ‘शेक’ समजायची. “त्यापरीस विटंचा शेक दे,” म्हणायची. शैला स्वयंपाकघरात जाऊन रडायची. एकदा मला म्हणाली, “तुम्ही सांगताय की मी सांगू?”

“काठी सुटली की सांगतो,” मी म्हणालो.

आता अमानवीय भागाकडे येऊ.

पलंगावर मोजलं तेव्हा मी पुरा एकशे चौसष्ट होतो. वॉकर सुटला, एक काठी आली, त्या दिवशी फिजिओथेरपीची तन्वी (बायकोखेरीज खरं फक्त हिलाच सांगावं लागलं होतं) टेप घेऊन उत्साहानं आली. भिंतीला टेकून मला उभं केलं. टेप पाहिली. पुन्हा पाहिली.

“काका, सरळ उभे राहा ना.”

“सरळच आहे.”

“गुडघे वाकवताय तुम्ही.”

“हात लावून बघ.”

तिनं गुडघे दाबून पाहिले. ताठ. टाचा भिंतीला, पाठ भिंतीला. एकशे अठ्ठावन्न. पलंगावर झोपवलं, एकशे चौसष्ट. उभं केलं, एकशे अठ्ठावन्न. तिसऱ्यांदा झोपवलं तेव्हा तिनं टेपच बदलली, चौथ्यांदा स्वतःच खाली बसली.

“असं होत नाही काका,” ती इतक्या हळू म्हणाली की मला तिचीच काळजी वाटली.

वाशीला जाऊन एक्स-रे काढले. हाडं सहा सेंटिमीटर वाढलेली, जुळलेली, सरळ. सर्जनना व्हिडिओ कॉल केला, तर म्हणाले, “मोजायला चुकताय.” मग चुकत राहिलो आम्ही, रोज.

एक गोष्ट मी तन्वीला सांगितली नाही. उभा राहिलो की दर वेळी खांद्यांवर काहीतरी टेकायचं. ढकलायचं नाही, दुखायचं नाही. दोन जणांनी मिळून पाठीवर पोतं अलगद ठेवावं, तसं. आणि नाकात तागाचा वास... कोरडा, कांद्याच्या सालांचा.

शैलानं पलंगावरच्या मापानं मागवलेल्या नव्या काळ्या पँटी उभं राहिलं की जमिनीवर लोळायच्या. आईनं एक मांडीवर घेतली, चष्मा लावला आणि हातशिलाईनं घडी मारून दिली. “दुकानदारानं फसवलं तुला. तुज्या बापाचं माप घ्यायचं हुतं,” म्हणाली. मी थँक्यू म्हणालो.

आणि मग सेक्रेटरी म्हात्रे घरी आले. डोळे भरलेले. “भाऊ, तुमची आई म्हंजे देवी हाय. महिला मंडळानं ठरवलंय, रविवारी त्यांचा सत्कार. सोसायटीतर्फे नवीन चपला. तुमी काठी न घेता उभं राहायचं, नवस फिटला म्हणून जाहीर करायचं, आनि तुमच्या हातानं आईच्या पायात घालायच्या.”

“आणि सूत्रसंचालन?”

“दुसरा कोन करनार भाऊ?”

तो रविवार. सकाळचे अकरा. हॉल गच्च, मागे मुलं खिडकीत बसलेली. आई पहिल्या रांगेत, नवं लुगडं, टाचा खुर्चीखाली लपवलेल्या. तन्वीसुद्धा आली होती. मी आईनं शिवलेली पँट घातली, काठी शैलाकडे दिली आणि स्टेजवर चढलो. म्हात्रे सवयीनं धावले. ‘कुंईं.’ लोक हसले. पोतं खांद्यावर बसलं. सगळं अगदी पूर्वीसारखं... भैरोबाकडे जसं मागितलं होतं, तसंच. होता तसा उभा.

भाषण मी पाठ केलं होतं. ‘मातृत्वाची परमावधी’ असा शब्दही होता त्यात. टाळ्या मिळाल्या असत्या. पण आधी चपला घालायच्या होत्या. खोका घेऊन खाली उतरलो, आईसमोर वाकायला गेलो, आणि वाकता येईना. मांड्या अजून तेवढ्या वळत नाहीत. आई बिचारी मदतीला पाय वर धरून बसली, तेव्हा तिची टाच मला प्रथमच जवळून दिसली. सातव्या मजल्यावरून भेगा दिसत नाहीत. इथे बोटाचं पेर आत जाईल एवढ्या होत्या, आणि एकीत खडीचा काळा कण रुतून तसाच भरून आला होता.

खोका आईच्या मांडीवर ठेवून मी परत स्टेजवर गेलो.

“रिक्षा उलटली नव्हती,” मी माइकमध्ये म्हणालो. “अपघात झालाच नाही. उंच दिसावं म्हणून मी स्वतः पाय कापून घेतले. आई दहा महिने माझ्या खोट्यासाठी भाजत फिरली आणि मी वरून बघत होतो.”

म्हात्रे दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभे. आईनं माझ्याकडे पाहिलंच नाही. तिनं खोका उघडला, चपला जमिनीवर ठेवल्या, एक पाय घातला. सुजलेला, पसरलेला पाय, चप्पल घट्ट झाली. दाबून घातला. मग दुसरा.

तो दुसरा पाय चपलेत गेला आणि माझ्या खांद्यांवरचं पोतं उचललं गेलं. तागाचा वास एकदा जोरात आला आणि संपला. इतका वेळ तोंडासमोर असलेला माइक माझ्या गळ्याशी आला होता. स्टँडला कोणी हात लावलेला नव्हता. ‘कुंईं’ झालं नव्हतं.

त्यानंतर तन्वीनं आठ वेळा मोजलंय. झोपून एकशे चौसष्ट, उभं राहून एकशे चौसष्ट. तिच्याकडे स्पष्टीकरण नाही, सर्जनकडे नाही, माझ्याकडे तर नाहीच. भैरोबाचं काम होतं, वडिलांचं होतं, की मनाचा खेळ? मनाच्या खेळानं पँट लोळत नाही. आणि खरं सांगू, वाढलेल्या उंचीचा आनंद मला एक दिवसही झालेला नाही. आईच्या पायाला मलम लावायला खाली बसावं लागतं, आणि आता ते पाय माझ्यापासून सहा सेंटिमीटर जास्त लांब आहेत.

पण त्या दिवशी हे सगळं आधी कोणाच्या लक्षात आलं, ते सांगायचं राहिलं. माझ्या नाही, तन्वीच्याही नाही. सगळा हॉल मान खाली घालून बसला होता. आता आई मला काय बोलते, याची सव्वाशे माणसं वाट बघत होती. आईनं नव्या चपलांत उभं राहून मान वर केली. तिची नजर माझ्या तोंडापर्यंत पोचलीच नाही, मध्येच घोट्यांपाशी अडकली, आणि त्या शांततेत ती मोठ्यांदा ओरडली,

“आरं दिन्या, परवाच तर दुमडली व्हती म्या... पँट आखूड झाली की रं!”