घरातलं वाक्य

मंदाकिनीबाईंच्या वर्गात फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात रोज एक इंग्रजी क्रियापद येऊन बसे. जाणं, येणं, खाणं, पिणं असली साधी मंडळी तिथे कधी फिरकत नसत. सहसा कुणाच्या वाटेला न जाणारं, आडवळणाचं काहीतरी बाई शोधून आणत. मुलींनी मधल्या सुट्टीनंतर त्याचं वाक्य करून दाखवायचं आणि ते वाक्य आपापल्या घरातलं हवं, हा बाईंचा कायदा. पानशेतच्या पुरानंतरची ती सात-आठ वर्षं. बुधवार पेठेतल्या दुकानांतून गाइडं गठ्ठ्यांनी खपत आणि अर्ध्या पुण्याच्या मुली त्यातली वाक्यं घोकून येत. तसलं वाक्य कानावर पडलं की बाई चष्म्यावरून बघत. "छान आहे. ज्यांनी लिहिलं त्यांना माझा नमस्कार कळव. आता तू लिहिलेलं वाच."

दुसरा कायदा अर्थाचा. शब्दाचा अर्थ कुणी अंदाजपंचे सांगितला, की बाई डस्टर आपटत आणि म्हणत, "अर्थात पाणी घालू नका." शाळेतल्या मुली आपसांत भांडतानाही हे वाक्य एकमेकींच्या तोंडावर फेकत.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. नारायण पेठेत थोरल्या भावाच्या घरी मागची खोली त्यांची होती. एम.ए.ला नाव घातलं होतं, तेव्हा वडील म्हणाले, आता पुरे, आणि ते पुरे झालं. त्याबद्दल त्या कधी चकार शब्द बोलल्या नाहीत. भाऊ श्रीनिवास मात्र पाहुण्यांना कौतुकानं सांगे, "आमची मंदा पहिल्यापासून समजूतदार." हे ऐकलं की बाई उठून आत जात.

अशा या बाईंच्या वर्गात हडपसरची मैना आठवीत आली. वडील गेनबा बागाईतदार, मंडईत भाजी घालणारे. पोरीला शहरातल्या शाळेत घालावं ही त्यांचीच हौस. मैना सकाळच्या बसनं यायची, पायाला कालव्याकाठचा चिखल तसाच. इंग्रजी पहिल्या वर्षी यथातथाच होतं, पण घरातलं वाक्य करायची वेळ आली की ही पोरगी सगळ्यांना मागे टाकी. चिखलात लोळण्याचं क्रियापद आलं, तर शहरातल्या मुलींनी डुकरं लोळवली. मैनेनं लिहिलं, आमची म्हैस कालव्यात लोळते आणि धुणं धुता धुता आई तिच्याकडे हेव्यानं बघते. बाई त्या दिवशी डस्टर आपटायचंही विसरल्या.

तेव्हापासून बाईंचा जीव तिच्यात अडकला. मैना अकरावीत गेली, मॅट्रिकची परीक्षा मार्चमध्ये होती, आणि बाईंनी मनातल्या मनात तिला कॉलेजात धाडूनही टाकलं होतं. इंग्रजी घेऊन बी.ए. पुढे एम.ए. हे त्या कुणाला सांगत नसत, मैनेलाही नाही. पण संध्याकाळी खोलीत एकट्या असल्या की हा बेत त्या पुन्हा पुन्हा आखत.

जानेवारीत एका दिवशी फळ्यावर आलं, ॲक्विएस. बाईंनी अर्थ फोडून सांगितला. "मन मानत नाही, पण तोंडानं विरोधही करायचा नाही. मुकाट्यानं मान तुकवायची. याला संमती म्हणू नका हं. संमती वेगळी."

मुलींना वाक्य सुचेना. मैना उभी राहिली. तिनं वाचलं, "माय मदर हॅज ॲक्विएस्ड, अँड नाऊ आय मस्ट ॲक्विएस टू." आईनं मान तुकवली आहे, आणि आता मलाही तुकवायलाच हवी.

बाईंना आनंदाचं भरतं आलं. असलं अवघड क्रियापद एका वाक्यात दोनदा, आणि दोन्हीदा चोख! "शाबास!" म्हणून त्यांनी ते वाक्य स्वतःच्या वळणदार अक्षरात फळ्यावर लिहिलं, सगळ्या वर्गाकडून उतरवून घेतलं. मैना उभीच होती. बस म्हटल्यावर बसली.

त्यानंतर ती शाळेत आली नाही. आठवडा सरत आला तेव्हा बाईंनी चौकशी केली. कुसुम नावाची मुलगी हडपसरच्याच बसनं यायची. ती म्हणाली, "बाई, मैनेला रविवारी बघायला येणारेत. फुरसुंगीची माणसं. जवळजवळ ठरल्यातच जमा आहे."

बाईंना फळ्यावर लिहिलेलं ते वाक्य आठवलं. वाक्य घरातलंच हवं, असं तीन वर्षं घसा फोडून सांगितलं होतं. पोरीनं घरातलं वाक्य आणून हातात दिलं, आणि बाईंनी त्यातलं व्याकरण बघितलं. त्यांना स्वतःची विलक्षण चीड आली.

रविवारी त्या हडपसरला गेल्या. भावाला एवढंच सांगितलं, "काम आहे." बसमध्ये त्यांनी गेनबांशी काय बोलायचं ते घोकलं. परीक्षा तोंडावर आली आहे, मुलगी हुशार आहे, लग्न कुठे पळून जात नाही. वाक्यं खणखणीत होती.

पण दारातच सगळं फिसकटलं. बाईंना पाहताच गेनबा फेटा सावरत धावत आले. "या या, बाई! पांडुरंगच पावला म्हणायचा!" आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "बघा, पोरीच्या शाळंच्या बाई खुद्द आल्यात. आता मैनेची पारख आमी काय सांगावी?"

बाई कशाला आल्या, हे त्या घरात कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. मुलगी बघायच्या दिवशी मास्तरीणबाई पुण्याहून आल्या, म्हणजे तिच्या गुणांची ग्वाही द्यायला आल्या, हे उघडच होतं. सतरंजीवर जागा झाली, पोह्यांची बशी पुढे आली. मैनेची आई सरुबाई आतल्या दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. तिनं बाईंकडे एकदाच पाहिलं आणि नजर खाली घातली.

मैना हिरव्या लुगड्यात येऊन बसली. मुलाचे चुलते सर्जेराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "पोरगी विंग्रजी बोलती म्हनं? ऐकू तरी द्या."

"बोल की गं," गेनबा म्हणाले. "बाईंच्या देखत बोल."

मैनेनं मान वर केली आणि थेट बाईंकडे बघत, वर्गात उभी असल्यासारखी म्हणाली, "आय हॅव ॲक्विएस्ड इन धिस मॅरेज."

सतरंजीवर कौतुकाची कुजबुज झाली. सर्जेराव बाईंकडे वळले. "बरूबर बोलली का वं बाई?"

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. ते बरोबरच होतं.

"मंजी काय म्हनली?"

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणूनच ती पोरगी तसं बोलली होती. बाईंना ते लख्ख कळलं. स्वतःच्या तोंडानं बापापुढे ती बोलू शकत नव्हती. ते बाईंनी बोलावं म्हणून तिनं वाक्य त्यांच्या हाती सोपवलं होतं. एवढा अर्थ सांगितला असता तर बैठक तिथेच मोडली असती. बाईंनी तोंड उघडलं. गेनबा हात जोडून हसत होते. सगळे थांबले होते. भर बैठकीत बापाची मान खाली घालायची? आपण कोण? आयुष्यात कधीही न केलेली गोष्ट या घरात येऊन करायची?

"म्हणजे," बाई म्हणाल्या, "तिची संमती आहे."

"झ्याक!" सर्जेराव मांडीवर थाप मारून म्हणाले. "मग सुपारी फोडू या की."

सुपारी फुटली. बाईंच्या हातावर साखर ठेवली गेली आणि त्यांनी ती खाल्ली. निघताना सरुबाईनं कुंकू लावायला मैनेला पुढे केलं. मैना वाकून पाया पडली. उठताना बाईंच्या कानाशी, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "पाणी घातलंत, बाई."

बाई बसस्टॉपपर्यंत कशा आल्या ते त्यांना आठवलं नाही. घरी वहिनीनं जेवायला वाढलं, तर नुसत्याच ताटावर बसून राहिल्या. श्रीनिवास म्हणाला, "काम झालं का?" त्या हो म्हणाल्या.

सोमवारी त्या वर्गात आल्या, तारीख लिहिली, आणि खडू ठेवून धडा काढला. मुली वह्या उघडून बसल्या होत्या. फळ्याचा उजवा कोपरा रिकामा होता. शेवटी कुसुमनं हात वर केला.

"बाई, आज क्रियापद?"

बाईंनी परत खडू उचलला. मग एक क्रियापद लिहिलं, आणि मागे न वळताच म्हणाल्या, "वाक्य घरातलं नको. गाइडातलं चालेल."