सतरा नंबर

गेल्या गुरुवारी सकाळी पावणेअकराला मी एका युनिव्हर्सिटीत, लॅबबाहेरच्या बाकावर बसलो होतो. काम एवढंच, एक कागद घ्यायचा आणि हॉस्पिटलला नेऊन द्यायचा. असे कागद रोज नेतो... पण त्या दिवशी गाडी पार्क केल्यावर दहा मिनिटं आतच बसून राहिलो होतो.

माझा धंदा कुरिअरचा. दिल्लीच्या द्वारकेत एक सेकंडहँड स्कूटर आणि एक थर्माकोलचा डबा यावर सुरू केला, आज चार गाड्या आहेत. हॉस्पिटलची सँपल थंड ठेवून लॅबमध्ये पोचवायची. शिक्षण बारावी, पण सहीसाठी ऑफिसात ताटकळताना कान उघडे ठेवले की बरंच कळतं.

कंपनी आणि युनिव्हर्सिटीत रिसर्चचा करार होतो. पैसा कंपनीचा, डोकं युनिव्हर्सिटीचं, आणि जे सापडेल ते कुणाचं यावर महिनोन्महिने घासाघीस. त्याच्याही आधी एनडीए, म्हणजे ऐकलंत ते बाहेर बोलू नका. आणि सँपल हलवायचं तर एमटीए, मटेरियल ट्रान्सफर ॲग्रीमेंट. वस्तू तुमच्याकडे ठेवतोय, पण ती तुमची झाली असं समजू नका... एवढंच सांगायला बारा पानं.

दोनेक वर्षांपूर्वी अशाच एका एमटीएवर मी हॉस्पिटलमधून एक डबा उचलला. कॉरिडॉरमध्ये एक बाई मांडीवरच्या मुलीशी मराठीत बोलत होती, मी थांबलो. नवरा फौजेत हवालदार, राहायला कँटोन्मेंटमध्ये, मूळचे आमच्या शेजारच्याच जिल्ह्यातले. मुलगी सहा वर्षांची, आजार असा की डॉक्टरसुद्धा नाव कागदावर बघून घेत होते. तिच्या दंडावरून मुगाच्या दाण्याएवढी कातडी काढली होती. लॅबमध्ये त्यातल्या पेशी वाढवणार, त्यांच्यावर कंपनीचं नवं औषध घालून बघणार.

आई डब्याकडे बघत राहिली. म्हणाली, यात आमची कुठली ते कसं कळणार? मी लेबल दाखवलं. सतरा नंबर.

दाखवायचं नसतं. नंबर असतो तो नाव झाकायलाच. पण आपला माणूस भेटला की मला राहवत नाही, हा माझा जुना रोग आहे.

त्या लॅबमध्ये माझं महिन्यातून एकदोनदा जाणं होतं. तिथल्या मॅडमना सहज विचारायचो, सतरा नंबर कैसा है? त्या म्हणायच्या, बढ़िया ग्रो कर रहा है. त्या आईचा, ताईंचा, फोन नंबर मी पहिल्याच दिवशी घेतला होता; लगेच बाहेर येऊन त्यांना फोन लावायचो... छान वाढतंय म्हणून. त्यांचा आवाज उजळायचा, मलाही बरं वाटायचं.

पुढे पुढे त्या नुसतं 'हो का, बरं' म्हणायला लागल्या. मला वाटलं कामात असतील. एकदा फोन हवालदारसाहेबांनी घेतला. शांतपणे म्हणाले, "दादा, पोरगी जाऊन दोन महिने झाले."

म्हणजे त्या दोन महिन्यांतही मी छान वाढतंय सांगत होतो. आणि ती आई ऐकून घेत होती.

त्यानंतर मी फोन बंद केले, लाजेने. महिन्याभराने ताईंचाच आला. म्हणाल्या, "दादा, सतरा नंबर कसा आहे?"

खरं तेच सांगितलं. बरा आहे. असं जवळजवळ वर्षभर चाललं.

मग दिवाळीनंतर कंपनीने औषधाचं काम सोडलं. रिसर्चचा करार संपला की एमटीए संपतो, आणि त्याच्या शेवटच्या पानावर लिहिलेलं असतं, परत करा किंवा नष्ट करा. मी ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे देतील का? बाकी सगळं गावाकडे नदीत सोडलंय. एवढंच राहिलंय."

त्या वाक्यासाठी मी तीन आठवडे धावपळ केली. कराराची मुदत वाढवून मागितली, तर त्यावर कंपनीची सही लागते आणि कंपनीला आता घेणंदेणं नव्हतं. दुसऱ्या लॅबला द्यायचं तर नवा एमटीए, त्यावर हॉस्पिटलची सही, आणि हॉस्पिटलच्या लेखी प्रोजेक्ट बंद. परत केलं तरी ते हॉस्पिटललाच, आणि त्यांनी लेखी कळवलं, आम्हाला नको, नष्ट करा. आईची सही होती फक्त संमतीपत्रावर. ती संमती मागे घेता येते, पण घेतली की पेशी नष्टच करतात. कुठूनही गेलं तरी दार एकच.

काँट्रॅक्ट ऑफिसातला माणूस वाईट नव्हता, चहासुद्धा पाजला. म्हणाला, "भाईसाहब, इस एमटीए में पार्टी दो ही हैं, अस्पताल और यूनिवर्सिटी. माँ कहीं नहीं है."

हे मी ताईंना जसंच्या तसं नाही सांगितलं. नाही देत म्हणाले, एवढंच सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "कधी? किती वाजता?"

गुरुवार, अकरा.

आत मशीन लावलं तसा वाफेचा आवाज बाहेर बाकापर्यंत आला. नंतर मॅडम कागद घेऊन आल्या. नष्ट केल्याचा दाखला, नंबर सतरा, खाली सही-शिक्का. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही... इतके दिवस मी तो नंबर का विचारतोय ते त्यांनी कधीच ओळखलं असावं.

जिना उतरतोय तोच फोन वाजला.

"झालं?"

"झालं, ताई."

त्या म्हणाल्या, "बरं. आता फोन नका करू, दादा."

दाखला हॉस्पिटलला देऊन पोच घेतली. आता माझ्या डब्यांची लेबलं मी भिंतीकडे तोंड करून ठेवतो, गाड्यांवरच्या पोरांनाही तेच शिकवलंय.

माझ्यावर ओरडायचा त्या बाईला पूर्ण हक्क होता. ती शेवटपर्यंत दादाच म्हणाली... तेवढ्यासाठी मी तिचा ऋणी आहे, आणि हे तिला कळवायला आता फोन करणार नाही.