खदानीतलं मंडळ

मागच्या आठवड्यात सोलापूरहून माझी मावसबहीण आली होती. दिवसभर माझ्या दारात माणसांची ये-जा बघून तिनं विचारलं, "सुनंदा, हे तुमचं मंडळ नेमकं करतं तरी काय गं?"

मी सांगायला बसले. चहा गार झाला, परत गरम केला, परत गार झाला. शेवटी तीच म्हणाली, "म्हंजे काहीच न्हाई करत, अन् समदंच करतंय म्हण की!"

इतक्या गोष्टी साठल्यात खऱ्या. मुद्दाम कुणी साठवत नाही. मी ब्लाऊजचं माप घेत असते, समोरची बाई बोलता बोलता एखादी ठेवून जाते. मग ती कुठं टाकायची?

आमची वस्ती कलबुर्गीत, आळंद रोडच्या बाजूला, जुन्या दगडाच्या खदानीत. फरशी निघायची बंद झाली, तशी माणसं येऊन राहिली. कुणी मादन हिप्परग्याचं, कुणी कमलनगरकडचं, कुणी इथलंच. एका घरात मराठी, शेजारी कन्नड, पलीकडं दखनी. आणि भांडण लागलं की तिन्ही एकदम! मंडळाचे मेंबर कागदावर अकरा. कामाला तिघंच. अध्यक्ष मल्लप्पाअण्णा, ज्यांनी जन्मभर मार्केट यार्डात तुरीची पोती वाहिली. चांदभाई, ऑटोवाले. आणि मी, शिवणकाम करणारी. कन्नड लिहिता येतं म्हणून सेक्रेटरी. पगार कुणालाच नाही. शिव्या मात्र तिघांनाही मिळतात.

* * *

मंडळ निघालं ते रुक्मिणीपायी.

दिवस भरलेले तिचे, भर दुपारी पोटात कळा सुरू झाल्या. ॲम्ब्युलन्सला फोन केला. ड्रायव्हर विचारतोय, "घर नंबर?" आम्ही सांगतोय, "नंबर न्हाई हो, खदानीत या, लिंबाच्या झाडापाशी." खदानीत लिंबाची झाडं सात! गाडीचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. इकडून जायची, तिकडून जायची. चांदभाई त्या दिवशी भाडं घेऊन शहाबादला गेलेले. रुक्मिणी गेली. बाळही गेलं.

तेराव्याला माणसं जमली, तिथंच मंडळ ठरलं. पहिलं काम, घरांना नंबर टाकायचे.

अण्णांनी ऑइल पेंटचा डबा आणला आणि वादाला तोंड फुटलं. एक नंबर कुणाचा? रोडलगतचा किराणावाला म्हणाला, माझा, मी तोंडाशी हाय. एक म्हातारा म्हणाला, माझा, मी सगळ्यात आधी आलोय. देवळाचा पुजारी म्हणाला, देवाचा! अण्णांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. डबा उचलला आणि रोडकडं पाठ करून चालायला लागले. पार आत, खदानीच्या भिंतीखालच्या शेवटच्या घरापर्यंत. रुक्मिणीचा नवरा उंबऱ्यावर बसला होता. त्याच्या डोक्यावरच्या चौकटीवर अण्णांनी भला मोठा १ काढायला घेतला.

मागून कुणीतरी ओरडलं, "अण्णा, उलटं कामून करायलाव? गाडी तर रोडकडून येतीय की!"

ब्रश न थांबवता अण्णा म्हणाले, "आली न्हाई ना."

* * *

गल्लीत दिव्याचा खांब पाहिजे म्हणून आम्ही अर्ज केला. साहेब म्हणाले, "अर्जाला फोटो जोडा."

"कशाचा?"

"अंधार आहे म्हणता ना? त्याचा."

चांदभाईंनी दिवस मावळल्यावर मोबाईलवर फोटो काढला आणि स्टुडिओत प्रिंट करायला दिला. स्टुडिओवाल्यानं तीनदा विचारलं, "हाच काढू? नक्की?" काळाकुट्ट, चकचकीत कागद निघाला. तो आम्ही अर्जाला टाचला.

साहेबांनी फोटो सरळ धरून बघितला, उलटा धरून बघितला, खिडकीपाशी नेऊन बघितला. मग म्हणाले, "यात तर काहीच दिसेना!"

चांदभाई हात जोडून म्हणाले, "वोईच तो बोलरे साब, छे साल से!"

अख्खं ऑफिस हसलं. साहेबही हसले. महिन्याच्या आत खांब आला.

दिवा अजून यायचाय. चांदभाईंनी खांबाचा फोटो काढून ठेवलाय, तोसुद्धा काळाच आलाय.

* * *

एकदा मंडळाचा पत्र्याचा बोर्ड वाऱ्यानं उडाला. दोन दिवस शोधला. तिसऱ्या दिवशी सुशीलाबाईच्या न्हाणीला दार म्हणून लावलेला सापडला! तिन्ही भाषांतली नावं, वरच्या अंगाला अण्णांचं नाव, अध्यक्ष म्हणून.

अण्णा तावातावानं गेले. "सुशीलाबाई, हा मंडळाचा बोर्ड हाय!"

ती मान खाली घालून म्हणाली, "व्हय अण्णा. आमच्या पोरी मोठ्या झाल्यात. इतके दिवस साडी बांधायलोय आडवी."

अण्णा परत आले. मीटिंगमध्ये म्हणाले, "बोर्ड काय सापडला न्हाई. नवा करू."

* * *

दुपारी चार वाजता बायकांचा वर्ग घ्यायचा, असं एका वर्षी ठरलं. बाराखडी मी शिकवायची, मराठी आणि कन्नड दोन्ही. पहिल्या दिवशी सतरा बाया, आठव्या दिवशी पाच. त्यात गंगूबाई होती. साठीची, विटा उचलून हाताची बोटं वाकडी झालेली. ती पहिल्याच दिवशी रेशन कार्ड घेऊन आली आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "मला एवढंच शिकव."

मी वाचलं. कन्नडमध्ये लिहिलं होतं, सविता. तिची मधली मुलगी. आदल्या वर्षी तापानं गेलेली.

मी म्हटलं, "आधी सोपी अक्षरं घेऊ."

"नगं. एवढंच."

बारा दिवस लागले. वाकड्या बोटांत पेन्सिल ठरायची नाही. 'वि' काढताना तर ती घामाघूम व्हायची. बाराव्या दिवशी तिनं पाटीवर पुरं नाव काढलं आणि बराच वेळ बघत बसली. मला वाटलं, आता हिला गोडी लागली! मी पुढची ओळ दाखवली, तिच्या धाकटीचं नाव. "उद्या हे घेऊ गंगूबाई. मग थोरल्याचं."

गंगूबाईनं पाटी पदराखाली घेतली, उठली.

"नगं अक्का. ती दोघं हाक मारली की ओ देत्यात."

* * *

बसवराजअप्पा गेले तेव्हा आमच्यावर मोठा बाका प्रसंग आला.

हा माणूस लिंगायत, बायको रत्नाबाई मराठ्याची. लग्न केलं म्हणून भावांनी तोडलं, म्हणून तीस वर्षांपूर्वी दोघं इथं येऊन राहिले. अप्पा एका मोठ्या कापड दुकानाच्या दारात गार्ड होते. सकाळी नऊच्या सुमारास छातीत कळ आली आणि संपलं.

दुपारपर्यंत इतक्या वर्षांत न आलेला थोरला भाऊ हुमनाबादहून आला. कमलनगरहून रत्नाबाईचा भाऊ आला. आणि अप्पांच्या उशाशीच दोघांची जुंपली.

थोरला म्हणाला, "आमच्यात बसवून नेतात. बसवूनच मातीत ठेवतात. आमचा माणूस हाय."

रत्नाबाईचा भाऊ म्हणाला, "तीस वर्षं कुठं व्हता तुमचा माणूस? आमच्या बहिणीचा नवरा हाय तो. आमच्या रीतीनं जाळू."

"तोंड सांभाळ!"

"तुम्हीच सांभाळा!"

बायका रडायच्या थांबून भांडण ऐकायला लागल्या. अण्णांनी मधे पडून दोघांनाही हात जोडले. "बाबांनो, काय ठरवायचं ते लवकर ठरवा. अंग ताठलं की मग बसवतो म्हणलं तरी बसवता यायचं न्हाई."

त्यावर दोघंही मंडळाकडं बघायला लागले. मंडळ म्हणजे आम्ही तिघं. चांदभाई माझ्याकडं बघायलेत, मी अण्णांकडं. अण्णा म्हणाले, "आम्हाला काय इचारता? तिला इचारा."

रत्नाबाई भिंतीला टेकून बसली होती. सकाळपासून तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. तिनं नवऱ्याच्या पायांवरचं पांघरूण जरा बाजूला केलं. पावलं सुजून टम्म झालेली, टाचांना भेगा, नखं काळी पडलेली.

"तीस वर्षं दुकानाच्या दारात उभा व्हता," ती म्हणाली. "मालकानं एक स्टूल दिलं न्हाई. बसू द्या आता त्याला."

 कमलनगरचा भाऊ उठला, मंडळाच्या खोलीत गेला आणि आमची खुर्ची उचलून घेऊन आला.

* * *

आता काशीबाईचं सांगते.

काशीबाईला एकच मुलगा, दत्तू. नवसाचा. दत्तू, त्याची बायको, दोन लेकरं आणि काशीबाई, अशी पाच माणसं एका खोलीत. पुण्याला काम मिळतंय, तिकडं जायचंय, असं दत्तू बरेच दिवस म्हणायचा. एका पौर्णिमेला तो आईला म्हणाला, "चल, तुला गाणगापूरला दर्शनाला नेतो." काशीबाई सगळ्या गल्लीला सांगून गेली. माझ्याकडूनच खणाची चोळी शिवून घेतली होती.

तिसऱ्या दिवशी मला फोन आला. गाणगापूरहून, एका फुलवाल्या बाईचा. "तुमच्या मंडळाचा नंबर एका म्हातारीच्या पिशवीत सापडला. तीन दिवस पायरीवर बसून हाय. कुणी प्रसाद दिला तर खातीय, पण उठत न्हाई. म्हणतीय, जागा सोडली तर पोरगं शोधत येईल अन् चुकेल."

दत्तूचा फोन बंद. मी खोलीवर गेले तर कुलूप. शेजारीण म्हणाली, "म्हातारीला घेऊन गेला, त्याच दिवशी मागून बायको-लेकरांना पुण्याला लावून दिलं की त्यानं. भांडीसुद्धा नेली. तुम्हाला ठाव न्हाई व्हय?"

आम्ही तिघं चांदभाईंच्या ऑटोनं गेलो. काशीबाई पायरीवर तशीच बसलेली, नवी चोळी घालून. अण्णांनी किती समजावलं, पण उठेना. शेवटी चांदभाई म्हणाले, "अम्मा, दत्तू घर पे गया होगा. चलो, देखते." तेव्हा कुठं उठली. फुलवालीला दोनदा सांगितलं, "आला तर म्हणावं, आई घरला गेली." खोलीवर येऊन कुलूप ओढून बघितलं.  त्या रात्री माझ्याकडंच झोपली.

सकाळी मी मशीनवर बसते न बसते तोच समोर येऊन बसली. अण्णा आणि चांदभाईही आले होते, पुढं काय करायचं ते ठरवायला.

"लिव," काशीबाई मला म्हणाली. "पोलिसात द्यायचं हाय."

मला बरं वाटलं. म्हटलं, चला, समजलं हिला एकदाचं. सोसणार नाही ती. मी कागद घेतला. "कुणाच्या विरुद्ध लिहू?"

"इरुद्ध कसलं गं? हरवल्याचं लिव. नाव, दत्तात्रय. वय चव्वेचाळीस. रंग सावळा. उजव्या भुवईवर खूण हाय, पाळण्यातून पडला तवाची."

अण्णांनी चष्मा काढला. चांदभाई ऑटो बघून येतो म्हणून बाहेर गेले. मी लिहीत होते. दुसरं काय करणार?

"अंगावर काय होतं?"

"निळा शर्ट. वरचं बटन तुटलेलं. म्हणलं थांब, लावून देते. थांबला न्हाई."

तेही लिहिलं. खाली अंगठ्यासाठी जागा सोडली आणि विचारलं, "अजून काही?"

काशीबाईनं जरा विचार केला.

"व्हय. लिव, गर्दीत हात माझ्याकडून सुटला. सापडला तर त्याला कुणी रागं भरू नगा."