एका कांडीची फिल्म

सिनेमाबद्दल आणि फोटोबद्दल मी लिहावं असं माझ्याजवळ काही नाही, हे सुरुवातीलाच सांगतो. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. माझ्याआधीच्या माणसांनी कागदावर फक्त सह्या केल्या, त्याही दुसऱ्यानं बोट ठेवलेल्या जागी. त्यामुळे लिहायला बसलो की मला सारखं वाटतं, आता कुणीतरी येऊन विचारेल की तुला इथं कुणी बसवलं. तसं कुणी विचारलंच तर मी उठेन. तोपर्यंत लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

मी सोलापुरात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या कॉलेजात पुण्याहून एक मॅडम आल्या. प्रायोगिक चित्रपट आणि छायाचित्रण असा तीन दिवसांचा वर्ग होता. मी नाव दिलं, कारण हजेरीचं प्रमाणपत्र मिळणार होतं. पहिल्या दिवशी त्यांनी एक फिल्म दाखवली. तिच्यात एक बादली होती आणि वरून नळाचं पाणी थेंबथेंब पडत होतं. पाच मिनिटं झाली तरी बादलीच. मी हळूच उठून बाहेर गेलो आणि शिपाईमामांना सांगितलं की प्रोजेक्टर अडकलाय. मामा आत आले, त्यांनी मागून दोन बटणं दाबली आणि पडदा काळा झाला. मॅडमनी विचारलं कोणी बंद केलं. मामांनी माझ्याकडं बोट दाखवलं.

मॅडम रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या की अडकलाय असं वाटलं म्हणजे तू नीट बघत होतास. मला ते पटलं नाही, पण त्या मोठ्या होत्या, म्हणून मान हलवली. बादली उरलेली चौदा मिनिटं पुन्हा बघितली. शेवटी ती भरली. खरं सांगायचं तर ती भरली तेव्हा मला बरं वाटलं. त्या दिवसापासून मी या विषयात आहे, असं म्हणता येईल.

वर्ग संपताना त्यांनी काम दिलं. घरच्यांच्या रोजच्या कामाचा एकच शॉट घ्यायचा, मध्ये कापायचं नाही आणि माणूस दिसू द्यायचा नाही. माणूस दिसला की लोक माणसाकडंच बघतात, काम कुणी बघत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

माझे वडील, ज्यांना आम्ही अप्पा म्हणतो, चादरीच्या कारखान्यात मागावर आहेत. आमचं गाव मैंदर्गी. तिथून ते तरुणपणी शहरात आले आणि तेव्हापासून एकाच कारखान्यात उभे आहेत. मी त्यांना विचारलं की मागावर चालणारं कापड मला मोबाईलमध्ये घ्यायचंय, पण तुम्ही दिसायचं नाही. अप्पांनी विचारलं, किती वेळ. मी म्हणालो, दहा मिनिटं. ते म्हणाले तसं होत नाही. मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात आडव्या सुताची कांडी असते, ती तीन मिनिटांत संपते. संपली की माग आपोआप थांबतो आणि नवी कांडी घालायला माणसाला जावंच लागतं. तेव्हा फिल्म करायची तर एका कांडीची कर. मॅडमनी तीन दिवसांत सांगितलेलं जे मला कळलं नव्हतं, ते अप्पांनी उभ्या उभ्या सांगितलं असं मला आता वाटतं. तेव्हा वाटलं की ते माझी फिल्म लहान करतायत.

मालकांकडून अप्पांनी परवानगी काढली. त्यांनी मालकांना फोटो म्हणून सांगितलं, कारण फिल्म म्हटलं असतं तर गाणं आहे का असं विचारलं असतं.

एका दुपारी मी गेलो. छपराच्या काचेतून मागावर चांगला उजेड पडत होता. चादरीवर मोर विणला जात होता. मी रिकाम्या कांड्यांच्या खोक्यावर मोबाईल टेकवला, फ्रेम लावली आणि फ्रेम जिथं संपत होती तिथं जमिनीवर खडूनं खूण केली. अप्पांना म्हणालो, काही झालं तरी मी सांगेपर्यंत खडूच्या अलीकडं यायचं नाही. शेजारच्या मागावरचे चाचा हसले. म्हणाले, "बेटा डायरेक्टर झाला, बापाला हद्द आखून दिली." अप्पा हसले नाहीत. ते खडूच्या मागं पाय जुळवून उभे राहिले, शाळेच्या प्रार्थनेला उभं राहावं तसे.

अप्पांनी नवी कांडी घातली, माग सुरू केला, खडूच्या मागं गेले आणि फिल्म सुरू झाली. माग चालत राहिला, मोराची मान वर येत गेली. पहिलं मिनिट संपायच्या आत अप्पा एक शब्द बोलले. मागांच्या आवाजातही तो मोबाईलनं घेतला. मी डोळे मोठे करून त्यांच्याकडं बघितलं. ते गप्प झाले. कांडी संपली, माग थांबला. मी हात वर केला, तेव्हा ते लगेच मागाकडं गेले आणि कापडावर वाकून काहीतरी करू लागले. मी तोपर्यंत मोबाईलमध्ये उजेड कसा आलाय ते बघत होतो.

घरी मी फिल्म ऐकली. अप्पांचा शब्द मध्येच येत होता, तो कोणता हे नीट न ऐकताच मी सगळा आवाज काढून टाकला. कॉलेजात दाखवली तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं की ही चादर कुठं मिळेल. दुसरा म्हणाला डबल घेतली तर कमी करतील काय. मॅडम पुण्याहून ऑनलाइन बघत होत्या. त्या म्हणाल्या, ही शांतता धाडसाची आहे, ही फिल्म विद्यार्थ्यांच्या महोत्सवाला पाठव. माझ्या कुठल्याच गोष्टीला आधी कुणी धाडस म्हटलं नव्हतं. मी दोन दिवस जरा कमी बोललो.

त्याच सुमारास कारखान्यात नवीन माग यायचे होते. मालक जुन्यातले काही विणकर निवडून त्यांना नव्यावर घेणार होते. बाकीच्यांना सुताच्या गोदामात हमालीला घालणार, असं ऐकू येत होतं. अप्पांचं नाव नव्यात धरलेलंच होतं. पण मग फोल्डिंग खात्यात, जिथं चादरी तपासून घड्या घालतात, तिथं अप्पांच्या मागावरची एक चादर दागी निघाली. ताण्याचा, म्हणजे उभा, एक धागा तुटलेला होता आणि वीतभर लांब फट तशीच विणली गेली होती. अप्पांची चादर दागी निघणं ही बातमीच होती. वीतभर फट गेली आणि माणसाला दिसली नाही म्हणजे डोळे गेले, असं फोल्डिंगवाल्यांनी ठरवलं. मालकांनी विचारलं तेव्हा अप्पा एवढंच म्हणाले की चुकलं. त्यावर मालकांनी त्यांचं नाव बाजूला ठेवलं.

हे मला अप्पांनी सांगितलं नाही. आईनं सांगितलं. तिनं त्यांना भिंतीवरच्या कॅलेंडरची बारीक अक्षरं वाचायला लावली होती. अप्पा म्हणाले, मला वाचताच कुठं नीट येतं. मग तिनं सुई दिली. त्यांनी पहिल्या खेपेला दोरा ओवला आणि सुई तिच्या हातात परत दिली. तरी ती काळजीत होती. गोदामात गठ्ठे उचलायचे म्हणजे त्यांच्या कमरेनं एक हिवाळा काढला नसता.

ती बोलत असताना मला फक्त वीतभर हा शब्द ऐकू आला. एका कांडीत चादर वीतभराहून थोडीच जास्त पुढं जाते, हे अप्पांनीच मला सांगितलं होतं. मी मोबाईल काढून माझीच फिल्म बघितली. ती मी तोवर चाळीस वेळा तरी बघितली असेन. उजेड, लय, मोराची मान, सगळं बघितलं होतं. मोराच्या मानेच्या डाव्या बाजूनं एक बारीक फट सुरू होते आणि शेवटपर्यंत जाते, ही मला पहिल्यांदा दिसली. मॅडमना दिसली नव्हती. चादर स्वस्त मागणाऱ्यांनाही दिसली नव्हती. मग मी आवाजासकटची मूळ फिल्म काढली आणि कानाला लावली. फट सुरू होते तिथं, एका श्वासाचंही अंतर न ठेवता, अप्पांचा शब्द होता. ते म्हणाले होते, तुटला.

संध्याकाळी अप्पा हातपाय धुऊन बसल्यावर मी विचारलं, तुम्हाला दिसला होता, मग माग का थांबवला नाही.

"तूच म्हणालास की, काय बी झालं तरी यायचं न्हाई म्हणून."

मी म्हणालो, मग नंतर उसवून परत विणायचं.

"उसवलं तरी जागा दिसतीच. मोरावर तर लईच दिसती."

मग मालकांना खरं का नाही सांगितलं, असं मी विचारलं. अप्पांनी बराच वेळ पायाचा अंगठा पुसला.

"मागावर मी उभारलेलो. तू न्हवतास उभारलेला. पोरगं मधी आलं म्हणून सांगायचं व्हय?"

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी कारखान्यात गेलो. मालकांचं घरचं बोलणं तेलुगू, पण कामगारांशी ते मराठीत बोलतात. मी त्यांच्यापुढं मोबाईल ठेवला आणि सांगितलं की चूक माझी आहे, अप्पांना मी अडवलं होतं. मालक म्हणाले, परवानगी फोटोची दिली होती. मी म्हणालो, हो. त्यांनी चष्मा लावला आणि माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला बोलावून घेतलं. दोघांनी मिळून फिल्म बघितली.

माझी फिल्म तशी कुणीच बघितलेली नाही. ते पापणी हलवत नव्हते. पहिलं मिनिट संपत आलं तसे मालक पुढं वाकले, बोट काचेवर ठेवून म्हणाले, हितं. पण त्याच्या अर्धा क्षण आधीच मोबाईलमधून अप्पा म्हणाले होते, तुटला. मालकांनी ते मागं घेऊन परत बघितलं, मग परत. चौथ्या खेपेला जॉबर तेलुगूत काहीतरी बोलला. मला फक्त डोळ्याकडं नेलेलं त्याचं बोट कळलं.

"माझ्या आधी बोलतोय की हा," मालक म्हणाले. "आणि हा कॅमेऱ्याच्या मागं आहे?"

मी म्हणालो, खडूच्या मागं, सहा-सात फुटांवर.

त्यांनी मला विचारलं की ही कशासाठी केली. मी म्हणालो, प्रायोगिक फिल्म आहे. ते म्हणाले, प्रयोग तुझा, चादर माझी. मग म्हणाले, बघू. आणि मी बाहेर निघालो तेव्हा खडूच्या गोष्टीवरून मला अर्धा तास पुरेल इतकं सुनावलं, ते इथं लिहीत नाही. ते सगळं बरोबर होतं.

मी फिल्ममध्ये आवाज परत घातला आणि तशीच महोत्सवाला पाठवली. मॅडमना कळवलं, तेव्हा त्यांनी लिहिलं की आता ही माणसाची गोष्ट झाली, आधीची जास्त शुद्ध होती. त्यांचं म्हणणं मला समजतं. माणूस दिसत नाही, तरी तो बोलला की आपण त्याच्याकडंच बघायला लागतो. पण आवाज काढलेली फिल्म आता मला बघवत नाही. तिच्यात मागाशेजारी कुणीच उभं नाही असं वाटतं.

महोत्सवाचं उत्तर आलं. फिल्म घेतली नव्हती. कारण दिलं होतं की एका ठिकाणी मागून कुणाचा तरी आवाज आला आहे, ध्वनिमुद्रणाकडं लक्ष द्यावं. मी ते वर्गातल्या कुणाला दाखवलं नाही.

मालकांचं बघू मात्र तसंच राहिलं. दहा दिवस झाले, अप्पा कारखान्यात जात होते, घरी येऊन जेवत होते, आणि मी विचारलं की म्हणायचे, काय न्हाई. नव्या मागांच्या पेट्या उघडल्या, हे चाचांनी पहिल्या आठवड्यातच सांगितलं, पण नावांचं तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं. अकराव्या दिवशी मी कॉलेजच्या वाचनालयात असताना आईचा फोन आला. तिला हे अप्पांनी सांगितलंच नव्हतं, फोल्डिंगमधल्या बाईनं बाजारात गाठून सांगितलं. अप्पा तीन दिवसांपूर्वीच नव्या मागावर उभे राहिले होते.