ठणठणीत घसा
निलगिरीच्या गोळीचा वास आला की मला कॅनडातल्या विनिपेगमधलं माझं कान-नाक-घशाचं क्लिनिक आठवतं. बाहेर उणे तीस होतं, आणि जर्मनीहून दौऱ्यावर आलेल्या मुलांच्या गायकवृंदातला मुख्य गायक, तेरा वर्षांचा पोरगा, तसलीच गोळी चघळत माझ्यासमोर बसला होता. लहानपणापासून वसतिगृहात राहून, रोज सकाळी घोटून घोटून कमावलेला त्याचा वरचा सूर आठवडाभर फाटत होता. मी तपासलं आणि सोबतच्या शिक्षकांना म्हणालो, "घसा ठणठणीत आहे. पोरगा वयात येतोय, आवाज फुटतोय, बस." शिक्षकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मग आजच्या कार्यक्रमात तुझं मुख्य गायकाचं पदक तुझ्या हातानं तुझ्या जागी येणाऱ्या धाकट्याच्या गळ्यात घाल," ते म्हणाले. आवाज फुटला की पदक पुढच्याला द्यायचं, अशी त्यांची जुनी रीतच होती. पोरगा रडला नाही. त्यानं मला विचारलं, "डॉक्टर, ऑपरेशन करून हे थांबवता येत नाही का?" मी नाही म्हणालो, तेव्हा त्यानं तोंडातली गोळी कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकली. निवृत्त होईपर्यंत मी कितीतरी जणांना कॅन्सर झाल्याचं तोंडावर सांगितलं. पण 'तुला काहीही झालेलं नाही' एवढं सांगून मान खाली घालावी लागली, ती त्या एकाच पोरापुढे.