बरा ठरवलेला हात

एका माणसाचा हात बरा झाला असं मी ठरवून टाकलं, आणि तो झालेला नव्हता.

सिंदेवाहीच्या पुढे, धानाच्या बांध्या संपून साग सुरू होतो तिथलं हे गाव. गडी सागतोडीवर जायचा. एकदा कुऱ्हाड घसरली आणि मनगटातला, करंगळीकडे जाणारा मज्जातंतू तुटला. नागपूरच्या इस्पितळात आमच्या सरांनी तो शिवला; मी त्यांच्या हाताखालचा शिकाऊ डॉक्टर. शिवलेला मज्जातंतू पुन्हा बोटांकडे वाढत जातो, पण दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. तो कुठवर पोचला ते बघत राहणं, हे माझं संशोधन. त्या काळी त्याची सगळी सामग्री माझ्या शर्टाच्या खिशात मावायची. एक सुई आणि एक जांभळी शाईपेन्सिल.

दर महिन्याला मी अरुंद रुळांवरच्या छोट्या आगगाडीनं सिंदेवाहीला उतरायचो, कुणाची तरी सायकल मागून घ्यायचो आणि अर्धी वाट तिला ढकलत जायचो. पोचायचो तेव्हा आम्हा दोघांत रोगी कोण, हे परक्याला सांगता आलं नसतं. त्याची बायको आधी मला आंबील द्यायची. मग तो डोळे मिटायचा. मी तळव्यापासून करंगळीकडे सुई टोचत जायचो आणि दर वेळी विचारायचो,

"टोचलं?"

"हो जी."

जिथं त्याचा 'हो' थांबेल तिथं मी रेघ मारायचो. रेघ दर खेपेला पुढे सरकायची. तिकडे सर खूश, इकडे मीही. खरं तर मी इतका थकलेला असायचो, की 'हो' ऐकलं म्हणजे खाटेवर आडवं व्हायला मोकळा, एवढंच मला दिसायचं.

त्याचं मात्र सगळं त्या रेघेवर अडलेलं. मुकादमानं बजावलं होतं, दोन्ही हात चालले तरच तोडीवर घेईन. तोवर तो भावाचे बैल राखत होता, आणि भावजय ते रोज ऐकवत होती.

एका हिवाळ्यात रेघ करंगळीच्या टोकाला पोचली. मी ऐटीत जाहीर केलं, "झालं! हात बरा झाला. आता खुशाल कुऱ्हाड धरा."

तो हसला. कानावरची बिडी काढली. त्या भागात चूल पेटलेली असताना काडी कोणी ओढत नाही. निखारा उचलायचा, तळहातावर दोनदा झेलायचा, बिडी पेटवायची आणि टाकून द्यायचा. मला दाखवायला म्हणून त्यानं त्याच हाताचा तळवा पुढे केला. निखारा करंगळीच्या बाजूला ठेवला, झेलला मात्र नाही. निवांत बिडी पेटवली. केवढा धीट गडी, असं मी मनात म्हणतोय तोच वास आला.

बायकोनं धावत येऊन फटका मारला. निखारा उडाला. कातडी त्याच्यासोबत गेली होती.

"काऊन सांगितलं नाई, का टोचत नाई म्हणून?" ती ओरडली.

तो ओशाळून माझ्याकडे बघायला लागला. "येवढ्या दुरून येते ते. पयल्या खेपेले नाई म्हणलं तं त्यायचं तोंड येवढंसं झालं. मले बरं नाई वाटलं. मंग दर खेपेले दोन-चार हो वाढवत गेलो."

"अहो, मग मी 'हात बरा झाला' म्हटल्यावर तरी बोलायचं!" मी म्हणालो.

"मले वाटलं, डाक्टर म्हणते तं झाला असंन."

म्हणजे माझा त्याच्यावर विश्वास आणि त्याचा माझ्यावर, आणि हात मधल्या मध्ये भाजलेला. मी त्याचे डोळे दुपट्ट्यानं बांधले, सुई हवेतच धरली आणि विचारलं, "टोचलं?"

"हो जी," तो म्हणाला. जरा घाईनंच.

मी सुई खिशात टाकली. सगळ्या रेघा खोट्या निघाल्या, हे आता सरांना सांगावं लागणार होतं. मुकादमाकडे तर तो उद्याच जायला निघाला होता. बायको कोरफडीचा गर त्याच्या तळव्यावर थापत होती. मी पुटपुटलो, "पुन्हा पहिल्यापासून तपासावा लागेल. ह्या वेळी मी विचारणारच नाही."

तिनं मान वर केली नाही.

"डाक्टरभाऊ, तुमाले हात थोडीच पाहाचा होता," ती म्हणाली. "तुमाले तं शाबासकी पायजे होती."